खानदानी नुस्खा

"मरत नाहीस तू. बस खाली."

आमच्या बाईंचं हे वाक्य चुडाव्याच्या शाळेतल्या प्रत्येक पोरानं ऐकलेलं. पोट दुखतंय म्हणा, ताप आलाय म्हणा, बाई फळ्यावरून मानही न वळवता तेवढंच म्हणायच्या. एकदा खुद्द हेडमास्तर छातीत कळ आली म्हणून टेबलावर डोकं टेकून बसले. बाईंनी त्यांनाही हेच ऐकवलं. कळ थांबली.

बाई गणित शिकवायच्या, मी मराठी. परभणीहून सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघी बरोबर जायचो. पिंगळी येईपर्यंत बाईंनी डब्यातल्या निम्म्या लोकांची सालटी काढलेली असायची, माझ्यासकट. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शेजारी बसायला नको वाटतं, आणि आली नाहीत तर प्रवास सरत नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिराच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली त्यांची, खाली दिराचं जडीबुटीचं दुकान.

एका हिवाळ्यात बाई बोलायच्या थांबल्या. तसं काहीच घडलं नव्हतं. केस न विंचरता यायच्या. खडू धरून फळ्यासमोर उभ्या राहायच्या आणि तास संपायचा. पोरं खूश. हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंचं विष संपलं वाटतं." सगळे हसले. बाईंनी ऐकलं आणि पायांकडे बघत बसल्या.

परतीच्या गाडीत त्या एकदम म्हणाल्या, "सकाळी उठूच नाही वाटायलंय गं. लय थकले मी."

मी त्यांना नांदेडला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, पण बोलणं सावकाश. "गुण यायला काही आठवडे लागतील," ते म्हणाले. "बरं वाटलं म्हणून गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत. आणि चूर्ण, काढा, दुसरं काहीही घ्यायचं असलं तर आधी मला दाखवायचं. झाडपाल्याशी माझं वैर नाही. पण दोन औषधं पोटात भांडली, की सोसावं तुम्हाला लागतं."

गुण आला. एक दिवस गाडीत बाईंनी माझ्या डब्यातली भाजी चाखली आणि म्हणाल्या, "हे जनावरापुढं टाक." मला आनंदानं रडू आलं.

मग त्या गोळ्या दिराच्या हाती लागल्या. "वैनी, पागलाच्या गोळ्या खायलाव काय? दुकानाची काय इज्जत राहील?" असं म्हणून त्यांनी आपलं चूर्ण दिलं. उदासी मुळापासून जाते, असं सांगून ते हेच चूर्ण गिऱ्हाइकांना विकायचे. बाईंनी पुडी गाडीत मला दाखवली. वर नाव नाही, आत काय आहे ते नाही.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"तुळस खायला कोणी डॉक्टरला विचारतं का? गोळ्या पण घेते, हे पण घेते. लवकर सुटेन."

"बाई, आधी विचारा."

"तू मराठी शिकव."

थोड्याच दिवसांत भर तासाला त्यांना दरदरून घाम फुटला. हातपाय थरथरू लागले, जबडा आवळला. पडलेला खडू त्यांना उचलता येईना. पोरांना वाटलं, बाई पिऊन आल्या. वर्ग खदाखदा हसू लागला. कुणाचा तरी बाप शाळेत आला होता, त्यानं खिडकीतून मोबाईल धरला. आम्ही बाईंना नांदेडला पोचवेपर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला होता.

दीर दवाखान्यात आले. डॉक्टरांनी बाईंच्या पिशवीतली पुडी पुढं केली. "यात काय काय आहे?"

"खानदानी नुस्खा हाय साहेब. सांगता येत न्हाई."

"मग मी उपचार कशावर करू?"

दीर नुसते हात जोडून उभे राहिले.

बाई वाचल्या. चूर्ण बंद झालं, डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा हळूहळू सुरू केल्या, आणि त्या सावरल्याही. पण पिणारी बाई नको, असं गावानं ठरवलं होतं. हेडमास्तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज स्वतःच लिहून घेऊन आले. बाईंनी त्यातलं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि सही केली.

त्यानंतर मी भेटायला गेले, तर बाई दुकानातच खुर्चीवर बसलेल्या. दिरांनी बसवलेल्या. सुनेसाठी औषध न्यायला आलेल्या एका म्हातारीला ते सांगत होते, "ह्या आमच्या वैनी. अंथरुणाला खिळल्या होत्या. आपल्या चूर्णानं उभ्या केल्या."

"खरंच गुण आला का हो?" म्हातारीनं विचारलं.

"गोळ्यांनी आला," बाई म्हणाल्या. "ह्यानं मी मरायला टेकले होते. सुनेला डॉक्टरकडं न्या."

दिरांनी तिच्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. "अजून थोडं डोक्यात हाय त्यांच्या."

तिनं मान हलवली आणि पुडी घेतली.

बाई उठल्या. रस्त्यावर तिला गाठून त्यांनी पुडी हिसकावली आणि नालीत उलटी केली. "पागल, पागल!" ती ओरडली. माणसं जमली. दीर धावत आले, तिची माफी मागितली आणि तिच्या हातात दुसरी पुडी ठेवली. मी बाईंचा हात धरला होता. तो अगदी स्थिर होता.

पुढच्या खेपेला बाई तिथं नव्हत्या. "भावाकडं धाडलं, येलदरीकडं," दीर म्हणाले.

"आणि गोळ्या?"

"कशाला गोळ्या? मी चूर्ण धाडतो की दर महिन्याला."

दुसऱ्या दिवशीच मी त्या भावाच्या खेड्यात गेले. भावजयीनं दारातच अडवलं. "त्या कोणाला बोलत न्हाईत आता." तिच्या खांद्यावरून मला आत दिसलं. बाई बाजेवर बसल्या होत्या. केस बारीक कापलेले, नजर भिंतीकडे. मी हाक मारली. पुन्हा मारली. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं, आणि मी कधीच न ऐकलेल्या मऊ आवाजात विचारलं,

"कोणत्या वर्गातली गं तू?"