चारच्या वेळची वाफ

बॉयलरमामांना कारखान्यात मित्र नव्हता, आणि त्यात दोष त्यांचाच. डबा एकट्याने खायचे, विचारलं तर हो किंवा नाही. तीस वर्षं बॉयलरशीच काय ते बोलले असतील.

मग चिमणीच्या वाटेवर चिनीमातीच्या नळ्या बसल्या. नळ्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं. आतून पंपाने गार पाणी फिरतं, बाहेरून गरम धूर जातो. धुरातली वाफ छिद्रांतून आत ओढली जाते आणि तिचं पाणी होतं. ते पाणी आणि वाया जाणारी ऊब, दोन्ही परत बॉयलरला. साहेबांना या निव्वळ थापा वाटत. महिन्याच्या सरासरीत रोजचं पाणी ठरल्याइतकं भरलं तरच नळ्या राहणार होत्या. मामांनी मात्र त्या हट्टाने मागून घेतल्या होत्या आणि रोज स्वतः पुसायचे.

पाणी तपासायचं काम माझं. पहिले आठ दिवस आकडा भरला, नंतर रोज थोडक्यात हुकू लागला. तासातासाच्या नोंदी काढल्या, तर पाणी रोज चारलाच तुटत होतं. दुसऱ्या दिवशी चारला जाऊन उभी राहिले. मामा स्वतःच्या हाताने पंप बंद करत होते. वर चिमणीतून पांढरा लोट निघाला.

माझं डोकंच फिरलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय, म्हटलं.

"ताई बघते," मामा म्हणाले.

मग तुकड्यातुकड्यांत कळलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, जिने त्यांना वाढवलं. आता अंथरुणाला खिळलेली, कानांनी ठार बहिरी. चारला शेजारीण तिला उशीला टेकवून बसवते. खिडकीतून चिमणी दिसते. पांढरं दिसलं की भाऊ कामावर आहे, धडधाकट आहे, असा तिचा हिशोब. नळ्यांनी वाफच गिळली आणि चिमणी कोरडी पडली. आठ दिवस ती जेवली नाही.

मी शहाणी! पाटीवर लिहून समजावू म्हटलं आणि संध्याकाळी मामांबरोबर गेले. लिहिलं, चिमणीवर काही दिसलं नाही तरी मामा कामावरच असतात.

ताईंनी दोनदा वाचलं. मग बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने मला विचारलं, "मग हा नसला, तर ते मला कुठे दिसेल?"

मामांनी माझ्या हातातली पाटी घेतली आणि पुसत बसले. मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. मामा पंपाशेजारी स्टुलावर बसून होते, हात मांड्यांखाली दाबून. "नळ्या राहू देत," एवढंच म्हणाले. पंप चालू राहिला. आकडा भरला, चांगला वरच गेला. चिमणीवर स्वच्छ आभाळ होतं. तिकडे या घटकेला ताईंना उशीला टेकवून बसवलं असेल, एवढंच मनात आलं आणि वहीत आकडा लिहायला माझा हात उठेना.