कुलूप लावलंस का?

संध्याकाळी ऑफिसात कुणी बॅग उचलली की कुलूपताई मान वर न करता विचारायची, "कुलूप लावलंस का?" नवा माणूस हमखास दाराकडे बघायचा आणि आम्ही जुने हसत सुटायचो. दाराशी तिला काही देणंघेणं नव्हतं. ती विचारायची लॉक फाइलबद्दल.

अलिबागच्या त्या दोन खोल्यांतून आम्ही मच्छीमारांना वाऱ्यापावसाच्या सूचना देणारं, मोबाइलवर उघडणारं पान चालवायचो. त्यातला आमचा कोड मूठभर. बाकी सगळी अनोळखी लोकांनी लिहिलेल्या तयार कोडची पॅकेजेस, आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या सारख्या येत असतात. कोणाची नेमकी कोणती आवृत्ती आपल्याकडे चालते, ते लॉक फाइल पक्कं करते. ती फाइल कोडबरोबर गिटमध्ये, म्हणजे कोडची प्रत्येक जुनी प्रत जपणाऱ्या वहीत, गेलीच पाहिजे, हा ताईचा नियम. ती थळच्या कोळीवाड्यातली. म्हणायची, "ज्या मसाल्यानं कालवण जमलं त्याचं नाव लिवून ठेव. बाजारात दरवेळी तोच गावल असं न्हाय."

बदलाच्या नोंदीत नुसतं 'दुरुस्ती' असं लिहिलं, की ती परत पाठवायची. "काय बदललं ते मशीन सांगतं. का बदललं ते तू लिव." तिच्या या सोवळ्यावर आम्ही तिच्या मागे भरपूर तोंडसुख घेतलं.

एका दुपारी आमच्यातल्या नीलेशने घाईत लॉक फाइल बाजूला सारून सगळी पॅकेजेस नव्याने उतरवली. आमच्या नव्या फोनांवर पान झकास दिसत होतं. थोड्या वेळाने सोसाट्याच्या वाऱ्याची सूचना गेली आणि थळहून ताईच्या बाबांचा फोन आला.

"पोरी, नुसते चौकोन दिसतात. काय लिवलंय? आमी निघतोय."

अक्षरं दाखवणारं पॅकेज नवं आल्यामुळे जुन्या फोनांवर मराठी अक्षरंच उमटत नव्हती. "बाबा, निघू नका," एवढंच सांगून ताईने फोन ठेवला. "माझा बाप थांबला. बाकीच्यांना कोण सांगल?"

ताईने गिटमधून सकाळचा कोड आणि सकाळचं कुलूप, दोन्ही जसंच्या तसं परत आणलं, पान पुन्हा चढवलं आणि बाबांना विचारलं, "आता?"

"व्हय, आली अक्षरं."

सूचना पुन्हा गेली. त्या दिवशी थळहून एकही होडी सुटली नाही. तिच्या शेजारच्या खुर्चीत मी बसायचो, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. नीलेशला ती वावगं बोलली नाही. फक्त, काय झालं ते त्यालाच लिहायला लावलं.

पुढे ताई पुण्याला मोठ्या कंपनीत गेली. इथे असताना जुन्या आवृत्त्यांवर कायमचं बसून राहणंही तिला मान्य नव्हतं. एकेक उचलायची, बघायची, मग पुढची. गेल्या महिन्यात मी तेच करायला बसलो. अक्षरांच्या पॅकेजपाशी तिची नोंद होती: 'ही वर नेण्याआधी बाबांच्या फोनवर बघा.'

थळला ताईच्या बाबांचं घर गाठलं. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून तोच फोन काढला आणि हात लांब धरून नव्या पानावरची ओळ न ओळ मोठ्याने वाचली.

"झ्याक दिसतंय," म्हणाले.

मी खूश होऊन उठलो, चपला घातल्या. मागून काकांचा आवाज आला, "कुलूप लावलंस का?"

तसाच ओट्यावर बसलो, लॅपटॉप उघडला आणि लावलं.