टोपली उतरते ती पायरी

मांडवीच्या आमच्या आळीत मासे विकायला येणाऱ्या मावशीचा आवाज असा, की तिने "सुरमय!" म्हणून हाळी दिली की समुद्रात उरलेली सुरमई घाबरून थेट गोव्याला पळते. टोपली ती एकाच घराच्या पायरीवर उतरवते आणि अख्खी आळी ताटं घेऊन तिथे जमते.

त्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलाने शेजारच्या चिमुरडीशी नको ते चाळे केले. बोभाटा झाला, मुलाच्या आईबापांनी दार लावून घेतलं. आम्ही शूर आळीवाले त्या दारावरून जाईनासे झालो.

त्यानंतर मावशी आली, ती आधी त्या मुलीच्या घरी जाऊन मासे देऊन आली. मग टोपली नेहमीच्याच पायरीवर उतरवली.

"मावशी, आज माझ्या दारात बस ना," कुणीतरी म्हणालं.

"मासे हवेत तर हय या. नायतर डाळ खा!" डाळीच्या धाकाने आम्ही ताटं घेऊन त्या पायरीशी जमलो.

मग बंद दाराला तोंड लावून ती इतक्या हळू बोलली, की शेजारी उभ्या मलाच काय ते ऐकू आलं. "गो बाय, पोरानं वाईट केलंन. झाकू नको. त्या पोरीपासून त्याला लांब ठेव, इस्पितळात मुलांच्या मनाची डॉक्टरीण बसते, तिच्याकडे ने. पण तूच जेवायची थांबलीस तर त्याला वळण लावणार कोण?"

बऱ्याच वेळाने कडी निघाली. आई ताट घेऊन बाहेर आली. मावशीने भाव सांगितला.

"एवढे महाग?" ती पुटपुटली.

मावशी लगेच भांडायलाच उठली, आणि आमच्यातल्या दोघीतिघी त्या आईच्या बाजूने भांडू लागल्या.