बाजाराच्या दिवशीचं पाणी
मेथीची जुडी सोडली की त्या कडवट वासाबरोबर मला एक न प्यायलेला पाण्याचा पेला आठवतो. तेव्हा मी नगरपंचायतीत कारकून होतो आणि निधीसाठी वर पाठवायची कामांची यादी टाइप करत होतो. डोक्यावरचे पत्रे तापले होते, बाहेरच्या बाजारातला मिरचीचा खकाणा खिडकीतून आत येत होता. तेवढ्यात पिंपळगावाकडची मेथीवाली दारात येऊन उभी राहिली. "साहेब, बाजारात बायांसाठी संडास बांधा की," ती म्हणाली. तिचे ओठ सुकलेले पाहून मी पेला पुढे केला, तर तिनं तो तसाच टेबलावर ठेवून दिला. "उपास आहे का मावशी?" मी विचारलं. "उपास कशाचा साहेब! बाजारच्या दिशी सकाळधरनं मी पाणी पीत न्हाई. पिलं तर मंग जायचं कुठं?" मी तिच्यादेखत ते काम एक नंबरला टाइप केलं आणि ती हसून गेली. संध्याकाळी अध्यक्षांच्या खोलीतून यादी परत आली, वेशीवरची कमान एक नंबरला, संडास नऊ नंबरला. मी नवी यादी टाइप केली. निधी कमानीपुरताच आला. पुढं तिच्या जागी सून बसायला लागली; सासूबाई किडनीच्या दुखण्यानं गेल्या, असं तिनंच जुडी देताना सांगितलं. आता मी निवृत्त झालोय आणि दर बाजारी त्या कमानीखालून जाऊन तिच्याकडूनच मेथी घेतो. परवा उन्हात तिचेही ओठ सुकलेले दिसले, म्हणून मी माझी पाण्याची बाटली पुढे केली, तर ती म्हणाली, "नको काका, घरी गेल्यावर पिते."