मीटरवरचं कुंकू

एम.ई.च्या प्रबंधासाठी मी सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनची थरथर मोजायला जात असे. मशीनवरचे काका माझ्यावर खार खाऊन होते. मी मीटर लावलं की ते मशीन बंद करत, एकेक बोट निवांत पुसत आणि चहाला निघून जात. कामाचा वेग मोजून मी साहेबांना कळवणार, असा त्यांचा पक्का समज. माझी पदवी लटकलीच म्हणायची!

खंडेनवमीला खात्यातल्या प्रत्येक यंत्राची पूजा झाली. काकांनी आपल्या मशीनला कुंकू लावलं, जरा घुटमळले आणि मग माझ्या मीटरलाही लावलं.

"हे बी आपल्याच खात्यात राबतंय ना, ताई," ते म्हणाले.

दसऱ्यानंतर मी मीटर लावलं, तेव्हा त्यांनी मशीन चालूच ठेवलं. काचेवरचं कुंकू मी कधी पुसलं नाही. प्रबंधातले सगळे आकडे मी त्याच्या कडेकडेने वाचले.