बोरमाळेचा राहिलेला भाग

मुरुडला आमच्या घरी पुढच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, भिंतीला सात खिळे होते आणि सातही खिळ्यांना दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या. गल्लीतलं कुणी लग्नाला निघालं, कुणी लातूरला दवाखान्यात निघालं, की किल्ली आत्याकडं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सासर सोडून माहेरी आली ती कायमचीच. प्रत्येक वाक्याआधी "ऐकून घे अन् इसरून जा" म्हणायची, आणि निघणाऱ्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवल्याशिवाय कुणाला उंबरा ओलांडू द्यायची नाही.

ह्या दोन्ही गोष्टी मी तिच्याकडून उचलल्या आणि टीव्हीला विकल्या.

मी नांदेडला राहते. नवरा कॉलेजात शिकवतो, मी मालिकेचे संवाद लिहिते. लोक विचारतात, त्यासाठी मुंबईत राहावं लागत नाही का? बिलकुल नाही. नेट चालू असलं आणि मान मोडून बसायची तयारी असली की झालं. साडेसातला लागणाऱ्या आमच्या मालिकेत एक आत्या होती. ती पहिल्यांदा "ऐकून घे अन् इसरून जा" म्हणाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी मुरुडमध्ये नुसता दंगा केला. "आत्या, तुम्ही टीव्हीत आल्या की वं!" आत्या लाजून लाल झाली होती, असं वहिनीनं मला फोनवर सांगितलं. त्या दिवसापासून साडेसातला सगळ्याजणी आमच्याच घरी यायच्या, आपापल्या घरचे टीव्ही बंद ठेवून.

आता खरं सांगते, म्हणजे ज्यासाठी हे लिहायला बसलेय ते.

मी तिसरीत होते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला राणी केलं होतं. राणीच्या गळ्यात काही नाही म्हणजे काय? मला ते पटेचना. आजीच्या ट्रंकेतली सोन्याची बोरमाळ काढली, फ्रॉकच्या आत घातली आणि गेले. येताना पळाले, दोरा तुटला, मणी नालीत गेले. हाताला लागले तेवढे गोळा केले. काय सुचलं कोण जाणे, हातात होते तेही मणी शाळेमागच्या पडक्या आडात टाकून मोकळी झाले.

घरी आले तर आजीची ट्रंक उघडी. आत्याला माहेरी येऊन दोनच महिने झाले होते आणि ती त्याच खोलीत झोपायची. आजीनं सगळ्यांकडं एकेकदा बघितलं आणि आत्याकडं दोनदा. आत्यानं गळ्यातलं लिंग मुठीत धरून शपथ घेतली. आम्हा लिंगायतांत त्याच्यापुढं शपथ नाही. तरी आजीनं तिच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतल्या. मी दाराआड उभी होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, तसं. फक्त चोर आठ वर्षांचा होता आणि त्याच्या ओठांवरची लाली अजून पुसलेली नव्हती.

मी बोलले नाही. त्या दिवशी मार बसेल म्हणून, आणि नंतर इतके दिवस का बोलली नाहीस असं विचारतील म्हणून. पुढं घरी पाहुणे आले की निघताना आजी म्हणायची, "पिशव्या तपासून घ्या बाबा," आणि मुद्दाम आत्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मरेपर्यंत म्हणाली.

आजी गेल्यावर समोरच्या गिरणीवाल्या काकूंनी गावाला जाताना सहज म्हणून किल्ली आत्याच्या हातात दिली. ती ठेवायला आत्यानं पहिला खिळा ठोकला. तेव्हा मी कॉलेजात होते, सुट्टीला आले होते. खिळा केव्हाच पक्का बसला होता, तरी ती ठोकतच राहिली. मी बघत होते आणि तेव्हाही बोलले नाही.

मालिकेत बोरमाळेचं प्रकरण मीच घातलं. घरातली बोरमाळ जाते, आळ आत्यावर येतो, आणि चौथ्या भागात घरातली लहान मुलगी सगळ्यांसमोर कबूल करते. तो कबुलीचा भाग मी सगळ्यांत आधी लिहिला. लिहिताना ढसाढसा रडले. वाटलं, सुटले एकदाची. तोंडानं जमलं नाही ते टीव्ही सांगेल, आत्या बघेल, तिला कळेल, आणि त्या वेळी मी नांदेडला असेन. वा रे माझी हिंमत!

पण प्रेक्षक वाढले. चॅनेलवाल्या बाईंचा फोन आला, "मॅडम, एवढ्यात सोडवू नका. बायका रडतायत. तिला अजून थोडं छळा." आणि मी छळलं. चाराचे वीस भाग केले. आत्याची पेटी उघडून झडती घेतली, तिला तुळशीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, सासूच्या तोंडी पाहुण्यांच्या पिशव्यांचं ते वाक्यसुद्धा घातलं. लिहिताना हात एकदाही अडखळला नाही. अडखळेल कशाला? सगळं घरचंच होतं, आठवायचं आणि उतरवायचं.

आणि कबुलीच्या भागाचं शूटिंग व्हायच्या आधी लेखकांचा संप सुरू झाला.

मागण्या खऱ्या होत्या. आज लिहिलेला प्रसंग उद्या उभा करायचा, रातोरात गोष्ट फिरवायची, कुणीही उठून आपलं लिहिलेलं बदलायचं, आणि शेवटी नाव पडद्यावरून इतकं भरकन जायचं की जन्म देणाऱ्या आईलाही वाचता येऊ नये. मी सही केली. आज विचारलं तरी करीन. शूट करून ठेवलेले भाग दहा दिवस पुरले. शेवटच्या भागाच्या शेवटी सासूच्या हातात रिकामी डबी, आत्या मान खाली घालून उभी, आणि ढोलाचा आवाज. दुसऱ्या दिवसापासून जुने भाग पुन्हा सुरू. फिरून फिरून गाडी त्याच रिकाम्या डबीपाशी येऊन थांबायची.

गिरणीवाल्या काकूंचा मला फोन. "ए पोरी, तुमचा संपबिंप ऱ्हाऊ दे बाजूला. एवढंच सांग, घेतली का न्हाई तिनं?"

"काकू, आधी सांगता येत नाही. नियम आहे."

"नियम! आमचं जेवणात ध्यान न्हाई आन् हिला नियम सुचालाय!"

मी हसले. काकूही हसल्या. मुरुडलाही पहिले काही दिवस हसण्यावारीच चाललं होतं. "आत्या, खरं सांगा, कुठं दडवली?" आत्याही म्हणायची, "तुमच्याच पिठाच्या डब्यात." मग एका संध्याकाळी कोपऱ्यावरची म्हातारी, गल्लीत सगळ्यांत जुनी, म्हणाली, "हसालाव काय गं? ह्यांच्या घरात तवा खरंच गेलती बोरमाळ. हिच्यावरच आळ हुता." जाहिराती संपल्या म्हणे आणि सगळ्या पुढचं बघू लागल्या.

त्या आठवड्यात पहिली किल्ली गेली. "बहिणीकडं ठेवते, तिला जवळ पडतंय." मग दुसरी, मग तिसरी. भांडण नाही, टोमणा नाही, सगळं अदबीनं. मालिका पुढं सरकली असती तर बायकांना दुसरं काही चघळायला मिळालं असतं. पण दीड महिना त्या रिकाम्या डबीशिवाय त्यांना दुसरं काही दिसलंच नाही.

मधे निर्मात्यांचा फोन आला होता. तुमच्याकडं तो भाग लिहून तयार आहे, तेवढा एक पाठवा, कुणाला कळणार नाही. मी ताडकन नाही म्हणाले. छाती फुगवून नवऱ्याला सांगितलंसुद्धा. आणि चहा पिताना लक्षात आलं, आपल्याला फार बरं वाटतंय, आणि ते काही संपाला जागलो म्हणून नव्हे. तो भाग आता लागणार नाही, आत्याला कळणार नाही, आणि बोल लागला तर संपाला लागेल. अहो, संप लिहिण्याचा होता, बोलण्याचा नव्हता! फोन उचलून आत्याला खरं सांगायला मला कुणाची बंदी होती? पण चोराच्या मनात चांदणं. मी चहा संपवला आणि कपडे वाळत घालायला गेले.

शेवटी वहिनीचा फोन आला. "ताई, भिंतीला दोनच किल्ल्या राहिल्यात. आत्या जेवत न्हाईत नीट. तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली, लातूरला बदलली, दुपारी मुरुड. आत्या तूरडाळ निवडत बसली होती. मीही ताटापाशी बसले. माझी तब्येत, नवऱ्याची बदली, नांदेडचं ऊन, सगळं बोलून झालं. ते सोडून सगळं. मग तीच म्हणाली, "ऐकून घे अन् इसरून जा. त्या टीव्हीतल्या बाईचं कवा सुटणार गं? तुला तर ठाव असंल. तिचं सुटलं की ह्या बी गप होतील."

आता, असं मी मनात म्हणाले. आता बोल. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात वहिनी आतून ओरडत आली, "ताई! आज नवा भाग हाय! आत्ताच टीव्हीवर दाखवलं!"

संप मिटलेला नव्हता, म्हणजे तो भाग आमच्यापैकी कुणी लिहिलेला नव्हता. मी म्हणाले, "आज नको बघायला." आत्या म्हणाली, "का? तुझीच तर हाय." आणि उठून तोंड धुऊन आली, विभूती लावली, चांगलं लुगडं नेसली. तिला वाटत होतं आज सुटणार.

साडेसातला खोली भरली. किल्ल्या नेलेल्याही आल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आणि मालिकेतल्या आत्यानं दार लावून घेतलं, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, बोरमाळ वर काढली, गळ्यात घातली आणि आरशात बघून हसत म्हणाली, "ऐकून घे अन् इसरून जा."

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं. "मी म्हणलंच हुतं," कोपऱ्यावरची म्हातारी. आत्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि कुणी बघत नाही हे खोलीतल्या लहान पोरालाही कळलं असतं.

मी टीव्हीच्या पुढं जाऊन उभी राहिले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. म्हणाले, "हे खोटं आहे. टीव्हीतलं खोटं आहे आणि आपल्या घरातलंही खोटं होतं. बोरमाळ मी घेतली होती. तिसरीत होते. गॅदरिंगला घालून गेले, तुटली, शाळेमागच्या आडात टाकली. आत्यानं काही केलं नाही."

गिरणीवाल्या काकू हसल्या, अगदी मायेनं. "बघा, दुसऱ्यानं लिहिलं तर कसा राग आलाय हिला! बस गं बाई, संप मिटला की तू बदल गोष्ट."

"काकू, मी मालिकेचं बोलत नाहीये!"

"आत्यासाठी पोरगी काय बी बोलंल," दुसरी म्हणाली. "माया हाय. असावी." आणि मान डोलवत, पदर सावरत एकेक करून सगळ्या गेल्या. वीस वर्षं खोटं लिहून पोट भरलेलं, खरं बोलले तर तेही लिहिल्यासारखंच वाटलं त्यांना. दोष कुणाला द्यायचा?

एकटी आत्या हसली नव्हती. तिनं टीव्ही बंद केला.

"आडात?"

"हाव."

"शाळेमागल्या?"

"हाव, आत्या."

बराच वेळ तिनं टीव्हीवरचं कापड नीट केलं. मग म्हणाली, "माझी आई होती तवर का न्हाई सांगितलंस?" ह्या वेळी आधी ते नेहमीचं वाक्य नव्हतं. मी रडायला लागले. तिनं मला उगी केलं नाही, आणि करावं असं मलाही वाटलं नाही.

संप पुढं मिटला. काही मागण्या मान्य झाल्या, नावाची पाटी आता जरा सावकाश सरकते. आमची मालिका मात्र बंद पडली. कबुलीचा भाग अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. पुसवत नाही आणि उघडवतही नाही.

पण त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा भिंतीला नुसते सात खिळे होते. उरलेल्या दोन किल्ल्या आत्या स्वतः जाऊन देऊन आली होती. मी नांदेडला निघाले. उंबऱ्यापाशी सवयीनं उजवा हात पुढं केला, तळवा वर करून. आत्या समोर उभी होती. तिच्या हातात गूळ नव्हता.

"पिशवी तपासून घे," ती म्हणाली.

मी उंबऱ्यावर बसले, पिशवी उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून बघितली. ती सगळं होईपर्यंत तिथंच उभी होती.