चकतीवरचे डाग

धुळे-जळगाव एसटीत शेजारी बसलेली मुलगी रावेरची होती. गुजरातेत चिपच्या कारखान्यात सिलिकॉनच्या चकत्या तपासायची. बोलताना पिशवीवर बोटाने गोल काढून त्यात ठिपके द्यायची.

"डाग कुठेही विखुरलेले असले तर धूळ, काका. प्रत्येक चकतीवर एकाच जागी आले, तर खोट आपल्याच यंत्रात."

मी माझ्या मुलाचं सांगितलं. तीन वर्षांत पाच वेळा येतो म्हणाला, आला नाही. कधी ताप, कधी काम. दर वेळी आम्ही त्याची गादी उन्हात घातली.

"कारणं सोडा. पाचही वेळा त्याआधी काय झालं होतं?"

पाचही वेळा मी फोनवर त्याच्या लग्नाचा विषय काढला होता.

जळगावला उतरताच त्याला फोन लावला. "जेवलास का?" एवढंच विचारलं. पुढच्या प्रश्नासाठी तो बराच वेळ थांबला. मी तो विचारला नाही.